राउम, बोडन, लागे

मी जर्मन शिकले घरांच्या जाहिरातींतून. डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठात माझे मास्टर्सचे वर्ग इंग्रजीत होते. जर्मनची गरज पडली ती डोक्यावर छप्पर हवं म्हणून. पहिल्या वर्षात मी तीन खोल्या बदलल्या आणि दर वेळी ढिगाने जाहिराती वाचल्या. राउम म्हणजे खोली. बोडन म्हणजे पायाखालची जमीन, फरशीची किंवा लाकडी. लागे म्हणजे घर कुठल्या वस्तीत आहे ते. ‘शांत लागे’ असं लिहिलेलं असलं की ट्राम लांब आहे असं समजायचं. हे तीन शब्द मला चांगले येतात अशी माझी खात्री होती, आणि पुढचं सगळं त्या खात्रीमुळेच घडलं.

मास्टर्स संपल्यावर आउसलेंडरबेह्योर्डेने, म्हणजे परदेशी लोकांच्या कार्यालयाने, नोकरी शोधण्यासाठी दिलेला परवाना मार्चअखेर संपणार होता. त्याआधी कराराचा कागद हातात नसेल तर सामान बांधायचं. ही एक अट. दुसरी माझी स्वतःची होती: शस्त्रांच्या कामाला हात लावायचा नाही. सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात होते तेव्हा कॉलेजात दारूगोळा बनवणारी एक कंपनी मुलाखती घ्यायला आली होती. मी एक पानी पत्रक लिहिलं आणि मेसच्या दारात उभं राहून वाटलं. खाली सह्या तीन. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, ‘बाकीच्या वर्गाचं म्हणणं काय आहे?’ मी म्हटलं, ‘त्यांनी त्यांचं पत्रक काढावं.’

हे घरातून आलेलं. बाबा इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचं काम करायचे, आणि त्यातलं निम्मं काम पत्रकांचं असायचं. मला अक्षरओळख पत्रकांवर झाली. दहाव्या वर्षी मी मुद्रितं तपासत होते. बाबांचा कायदा सोपा होता. पहिल्या ओळीत कोण बोलतंय, दुसरीत काय म्हणणं आहे, तिसरीत का. ‘परिस्थिती’, ‘यंत्रणा’, ‘घटक’ असले शब्द आले की खोडायचे. कुठली परिस्थिती, कोण घटक, ते लिहायचं. आणि तळाला बारीक टायपात प्रकाशकाचं नाव, मुद्रकाचं नाव आणि पत्ता. ती ओळ राहून गेली तर बाबा अख्खा गठ्ठा छापखान्यात परत पाठवायचे. ‘खाली नाव नसेल तर ते पत्रक नव्हे, ती कुजबूज,’ म्हणायचे.

अशा घरातून आलेली मी त्या शरदात जर्मन नोकऱ्यांच्या जाहिराती वाचायला बसले. मोटारींच्या कंपन्यांचे नकार येत गेले, सभ्य आणि एकसारखे. उरल्या त्या एका वेगळ्याच जातीच्या जाहिराती. ‘आमच्या नामांकित ग्राहकासाठी.’ ‘सुरक्षेच्या दृष्टीने संवेदनशील वातावरणात.’ ‘सार्वजनिक क्षेत्रातील विशेष प्रकल्पांवर.’ आणि शेवटी न चुकता: ‘सुरक्षा-तपासणीला सामोरं जाण्याची तयारी आवश्यक.’ ही कामं सरकारची असतात, पण सरकार ती स्वतः करत नाही. ते कंत्राटदाराला देतं, कंत्राटदार उपकंत्राटदाराला, आणि उपकंत्राटदार माणसं मिळवायला भरती-एजन्सी गाठतो. जाहिरातीवर नाव दिसतं ते फक्त एजन्सीचं.

वर्तमानपत्रं तेव्हा पाळतीच्या बातम्यांनी भरलेली होती. कोण कुणाचे फोन ऐकतं, कोण कुणाची पत्रं उघडतं, हे रोज पहिल्या पानावर. आणि त्याच लोकांना लागणारी माणसं मागच्या बाजूने अशा जाहिराती देऊन गोळा होत होती, असं मला वाटायचं. मी चिडून लाल पेन्सिल घेऊन बसायचे. क्रियापदं भरपूर: तुम्ही विकसित कराल, जोडाल, तपासाल, सांभाळाल. काय? तर ‘प्रणाली’. वाक्यात कर्ता मी, क्रियापदं डझनभर, आणि कर्माच्या जागी धुकं.

पण रोज वाचता वाचता खुणा कळायला लागल्या. ‘ग्राहक’ म्हणजे बहुधा कंपनी. ‘वापरकर्ता’ म्हणजे गणवेशातली माणसं. ‘खडतर वातावरणात टिकणारी’ उपकरणं म्हणजे चिखलात आणि धक्क्यांत चालणारी, म्हणजे रणगाडा, निदान लष्करी ट्रक. ‘प्रभाव-साधन’ दिसलं की जाहिरात तिथेच बंद करायची; जे असला प्रभाव पाडतं ते फुटतं. माझी एक वही या खुणांनी भरत आली. आणि कबूल करते, रागाच्या जोडीला एक प्रकारचं कौतुकही वाटू लागलं होतं. भरगच्च पान लिहायचं आणि वाचणाऱ्याला काहीही कळू द्यायचं नाही, ही कारागिरी होती. बाबांना हे एक पान लिहायला दिलं असतं तर जमलं नसतं.

एका सकाळी वेगेच्या, म्हणजे आमच्या सामायिक घराच्या, स्वयंपाकघरात मी एक नवी जाहिरात वाचत होते. दादा पोहे परतत होता. दादा नागपूरचा, पॉलिमर रसायनात पीएचडी करणारा. त्याला दादा म्हणायचं कारण तो पहिल्या दिवसापासून माझा पालक असल्यासारखा वागायचा.

‘काय वाचून राहिली?’

मी मोठ्याने वाचलं. राउम-विभाग आणि बोडन-विभागातल्या प्रणालींसाठी लागे-नियमन करणारा इंजिनिअर हवा, संवेदनशील वातावरण, तपासणीची तयारी.

‘राउम म्हणजे खोली,’ मी म्हटलं. ‘बोडन जमीन. लागे म्हणजे जागा, वस्ती. कुठलीतरी सरकारी इमारत असणार. खोल्या, मजले, जागेची व्यवस्था.’

‘एसी,’ दादा म्हणाला. ‘सर्व्हर रूमचा एसी. तू आत जाशील ना, म्हणून तपासणी. गेनाऊ, अगदी तेच.’

‘एसीने माणूस मरत नाही.’

‘आमच्या लॅबचा तू पाहिला नाही अजून.’

माझ्या वहीतली एकही वाईट खूण त्या पानावर नव्हती. इतक्या महिन्यांत स्वच्छ मनाने अर्ज करता येईल अशी ती पहिली जाहिरात. मी त्याच दिवशी अर्ज पाठवला.

आठवड्याने हॅम्बर्गहून एजन्सीच्या माणसाचा फोन आला. आवाज लोण्यासारखा.

‘ग्राहक कोण आहे?’ मी विचारलं.

‘ते पुढच्या टप्प्यात सांगता येईल.’

‘काम कुठे?’

‘राउम म्युन्शेन.’

म्हणजे म्युनिकच्या परिसरात. राउमचा हा आणखी एक अर्थ मला माहीत होता. त्याला तिसराही अर्थ असू शकतो, हे मनात आलं नाही.

‘मी भारतीय आहे. तपासणीला ते चालेल?’

‘ते त्या वेळी बघितलं जाईल. आधी तुमची तयारी आहे का, एवढंच.’

मी म्हटलं, आहे.

मुलाखत उंटरश्लाइसहाइमला होती, म्युनिकच्या उत्तरेला एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, जायचं तिथे. नोव्हेंबरचं धुकं होतं. काचेच्या एका साध्या इमारतीत माझा फोन एका कप्प्यात कुलूपबंद केला आणि मला दुसऱ्या मजल्यावर नेलं. समोर एकच बाई बसल्या होत्या, साठीकडे झुकलेल्या, आखूड पांढरे केस, कोपरावर रफू केलेला स्वेटर. त्या या विभागाच्या प्रमुख इंजिनिअर होत्या. मी दोन आठवडे तयारी केली होती: खोलीत तासाला किती वेळा हवा बदलावी, फिल्टर कुठले, उष्णता कशी बाहेर काढावी. मी बोलत राहिले. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘उष्णतेचा तुम्ही नीट विचार केलाय. पण तिथे हवा नाही.’

‘कुठे?’

त्यांनी बोट वर केलं. मी छताकडे बघितलं. तिथे एसीची जाळी होती.

‘अजून वर,’ त्या म्हणाल्या.

राउम म्हणजे अवकाश. राउम-विभाग म्हणजे वर फिरणारा उपग्रह, बोडन-विभाग म्हणजे त्याच्याशी बोलणारं जमिनीवरचं केंद्र. आणि लागे म्हणजे उपग्रहाचं तोंड कुठे वळलेलं आहे, तो कसा कललेला आहे, ते. डार्मश्टाटमध्ये अवकाशयानं सांभाळणाऱ्या केंद्राच्या कुंपणाजवळून मी दोन वर्षं सायकलवरून जात होते, आणि तरी खोलीच्या पुढे माझी मजल गेली नव्हती.

बाई हसल्या नाहीत. ‘तुमचा प्रबंध फिरत्या चाकांच्या कंपनांवर आहे म्हणून तुम्हाला बोलावलं. आमच्या उपग्रहात चार चाकं आहेत. चाक एका बाजूला फिरवलं की सगळा उपग्रह उलट बाजूला वळतो. ती चाकं थरथरली तर वरून काढलेलं चित्र पुसट येतं. तुम्ही चाकं शांत ठेवायची.’ मग घड्याळ बघून त्या उठल्या. ‘चला. सात मिनिटं आहेत.’

त्यांनी मला एका मोठ्या काचेपाशी उभं केलं. पलीकडच्या खोलीत दोन माणसं स्क्रीनसमोर बसली होती. एक सफरचंद खात होता. उजवीकडच्या खिडकीतून मागचं आवार दिसत होतं आणि त्यात एक पांढरी तबकडी, दुमजली घराएवढी उंच. आम्ही बघत असतानाच ती वळू लागली. धुक्यात, कसलीही घाई नसलेली ती अवाढव्य वस्तू उत्तरेकडे फिरली, पार खाली वाकली, क्षितिजाला तोंड लावलं आणि थांबली.

‘अजून तो आलेला नाही,’ बाई म्हणाल्या.

कुणी उलटी मोजणी केली नाही. स्क्रीनवर एक आडवी हिरवी रेघ होती. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मीही पाहिलं, आणि बाईंच्या हातातल्या वेळापत्रकावर छापलेल्या सेकंदाला ती रेघ मधोमध उभी राहिली. सफरचंदवाल्याने सफरचंद खाली ठेवलं. आकडे वाहू लागले. बाहेर तबकडीने मान उचलली आणि ती धुक्यातल्या कशाच्या तरी मागे जाऊ लागली, जे कुणालाच दिसत नव्हतं आणि जे नेमकं तिथेच होतं.

‘आता डेन्मार्कवर,’ बाई हळू आवाजात सांगत होत्या. ‘सेकंदाला साडेसात किलोमीटर.’ मी मनात हिशेब केला: इचलकरंजी ते कोल्हापूर, चार सेकंद. ‘आता आपल्या डोक्यावर.’ सफरचंदवाला माइकमध्ये एक वाक्य बोलला, कुणाला तरी रस्ता सांगावा इतक्या साध्या आवाजात. स्क्रीनवरचा एक आकडा किंचित सरकला. ‘त्याने मान वळवली,’ बाई म्हणाल्या. ‘आपण सांगितलं म्हणून. ही त्याची लागे.’

मग तो आल्प्सच्या पलीकडे गेला. रेघ पुन्हा आडवी झाली. तबकडी दक्षिणेच्या क्षितिजाशी क्षणभर वाकून राहिली आणि सावकाश जागेवर आली. माणसाने सफरचंद उचललं. माझे हात छातीशी एकमेकांत गुंतलेले होते. आमच्या घरात देवळात जायची पद्धत नव्हती, त्यामुळे मी कशी उभी आहे हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

‘तो काय बघतो?’ मी विचारलं.

‘जमीन. पूर, जंगलातल्या आगी, पिकं. शिवाय वापरकर्त्यांसाठी लागे-चित्र.’

वापरकर्ता. वहीतला शब्द.

‘लागे म्हणजे आताच तुम्ही म्हणालात...’

‘ही दुसरी लागे. खाली काय चाललंय, कोण कुठे आहे, कोण कुठे हलतंय. परिस्थिती.’

बाबांनी आयुष्यभर खोडलेला शब्द. कुठली परिस्थिती, असं मी विचारलं. ते सांगायची मला मुभा नाही, असं त्या म्हणाल्या, सरळ डोळ्यांत बघून. मग त्यांनी दोन कागद दिले. एकावर तपासणीची माहिती: आजवरचे सगळे पत्ते, नातेवाईक, संघटनांची सभासदत्वं, परदेशातले संबंध. मराठीत एका शब्दात सांगायचं तर माझे सगळे लागेबांधे. दुसऱ्यावर एकच वाक्य, की माझी तयारी आहे, आणि सहीची रेघ. ‘तपासणीला काही महिने लागतील,’ बाई म्हणाल्या. ‘शेवटी नाहीही म्हणतील. पण कराराचं पत्र आम्ही लगेच देऊ, त्यावर तुमचा परवाना वाढेल. दहा दिवसांत कळवा.’

परतीच्या गाडीत मी ते दोन्ही कागद चार वेळा बाहेर काढले. माझे लागेबांधे मी लिहून द्यायचे, त्यांचे मला विचारायचे नाहीत. पण मला ते काम हवं होतं, आणि परवान्यासाठी नव्हे. तो सफरचंदवाला जे एक वाक्य बोलला होता, ते मला बोलायचं होतं.

रविवारी मी बाबांना फोन लावला.

‘म्हणजे आभाळात जाणार म्हण तू.’

‘मी जमिनीवरच, बाबा. चाकं सांभाळायची.’

‘मागावर बी चाकंच हाईत. त्याला एवढं लांब कशाला गेलीस?’ मग जरा थांबून, ‘आणि ते वरनं बघतंय ते कुणासाठी?’

‘सांगत नाहीत.’

मला वाटलं, आता ते कुजबुजीचं वाक्य येणार. आलं नाही.

‘मी बी एकदा नाव न घालता छापलंय,’ बाबा म्हणाले.

‘कधी?’

‘संपाच्या टायमाला. बायांनी येऊन सांगितलेली हकीकत होती, मालकाच्या भावाची. नावं घातली असती तर दुसऱ्या दिवशी त्यांचं काम गेलं असतं. माझं घातलं असतं तर माझ्याकडे कोण येतंय त्यावरनं कळलं असतं. छापखान्याचं बी नाही घातलं. तुला कधी बोललो नाही.’

‘मग कायदा?’

‘कायदा आहेच की. पण नाव झाकलं म्हणून लगेच वाईट, असं नसतंय. कुणाला वाचवायला झाकलंय ते बघायचं.’

‘आणि तेच कळत नसेल तर?’

‘तर विचारायचं. तुला काय तोंड नाही व्हय?’

सोमवारी मी बाईंना फोन करून हेच विचारलं, घरांच्या जाहिरातींतून शिकलेल्या माझ्या जर्मनमध्ये: हे जे झाकलेलं आहे, ते कुणाला वाचवण्यासाठी?

‘हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘कधी खालच्या माणसांना, असं मी धरून चालते. कधी बघणाऱ्यांना. वेगळं करून मला सांगता येणार नाही. उपग्रहाची लागे मला अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत माहीत असते. तो कुठे बघतोय ते मी झोपेतसुद्धा सांगेन. खालची लागे, आणि ते चित्र बघून पुढे कोण काय करतं, ते माझ्यापर्यंत येत नाही. तशीच रचना आहे.’

‘तुम्हाला ते चालतं?’

‘मी ते चालवून घ्यायला शिकले. तुम्ही अजून शिकलेल्या नाही आहात. घाई करू नका.’ आणि मग, माझ्या मनातलं ओळखल्यासारखं: ‘नाही म्हणणार असाल तर लिहून पाठवा. तोंडी नकार कुठे नोंदला जात नाही.’

मी लिहिलं. जर्मनमधलं माझं पहिलं पत्रक. पहिल्या ओळीत मी कोण; दुसरीत मी कशाला नाही म्हणते; तिसरीत का. ज्याची लागे मी सांभाळायची, त्याच्या चित्रातली लागे मला कधीच कळणार नसेल, तर ‘तयारी’ या शब्दाखाली मी नाव घालू शकत नाही. मग एक परिच्छेद त्या दहा मिनिटांबद्दल, तबकडीबद्दल आणि सफरचंदाबद्दल, कारण ते न लिहिणं खोटेपणा झाला असता.

दादाने व्याकरण तपासलं. ‘लागे दोनदा आलं, दोन अर्थानं. त्यांना समजणार नाही.’

‘त्यांनीच शिकवलंय.’

‘आणि हे खाली काय आहे?’

तळाला मी माझं नाव आणि पत्ता घातला होता, आणि त्याखाली बारीक अक्षरांत: मुद्रण, विद्यापीठ ग्रंथालय, दुसरा मजला, डावीकडचा प्रिंटर.

‘काहून?’ दादाने विचारलं.

‘नाहीतर गठ्ठा परत येतो.’

नोकरी मिळाली ती थेट मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, रक्ताचे नमुने गरगर फिरवून तपासणारी यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत कंपनीचं नाव होतं, आणि खाली यंत्राचा फोटो. पण मधले तीन महिने, जेवणं मोजून आणि नकारांची पाकिटं उघडत काढलेले, मी इथे थोडक्यात उरकते. त्यांत सांगण्यासारखं एकच आहे.

डिसेंबरात बाईंचं उत्तर आलं, हाताने लिहिलेलं. ‘तुमचं पत्र फाइलला लावलं आहे. मी ते वरच्या दोघांना वाचायला दिलं.’ सोबत एक छापील पट्टी, त्या आठवड्यात आमचा उपग्रह डार्मश्टाटवरून कधी जाईल त्या वेळांची. हे गुपित नसतं, असं त्यांनी समासात लिहिलं होतं. आभाळ सगळ्यांना दिसतं.

एका निरभ्र संध्याकाळी, दिवे नुकते लागले असताना, मी दादाला गावाबाहेरच्या शेतात ओढत नेलं. जमीन गोठून कडक झाली होती. तो कानटोपी ओढून, पाय आपटत, एसीच्या नोकरीला आपण नाही म्हटलं नसतं, असं तिसऱ्यांदा सांगत होता. मी घड्याळाकडे बघत होते. पट्टीवरच्या सेकंदाला उत्तरेच्या झाडांवर एक ठिपका उगवला. लुकलुकत नव्हता, आवाज नव्हता. तो सरळ आमच्या डोक्यावर चढत आला, आणि दादाचं बोलणं वाक्याच्या मधेच थांबलं.

दक्षिणेच्या क्षितिजाशी तो मावळेपर्यंत आम्ही दोघे माना वर करून उभे होतो.

‘आपल्याकडे बघत असन काय तो?’ दादाने विचारलं.

‘कुठे बघतोय ते बाईंना माहीत.’

‘आणि काहून?’

तबकडीसारखी माझी मान अजून दक्षिणेलाच होती. तो का बघतो ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही, हे मी खाली नाव घालून लिहून दिलेलं होतं.